‘लेखक’ गेला, ‘कर्ता’ आला: डब्लिन कोअरमधल्या व्याख्यांची पार्श्वभूमी

शीर्षकपृष्ठावर ‘शके 1799’ छापलेलं मराठी पुस्तक स्कॅन करून डिजिटल संग्रहात नोंदवायला बसलं, की पहिली अडचण ‘डेट’च्या रकान्यात येते. हे पुस्तक 1877 च्या गुढीपाडव्यापासून 1878 च्या पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत कधीही निघालेलं असू शकतं. शिवाय स्कॅन केल्याची तारीख वेगळी, संग्रहात चढवल्याची वेगळी. यातली कुठली चालेल, हे ‘डब्लिन कोअर’ या नोंदी करण्याच्या मानकातलं ‘डेट’च्या व्याख्येचं एक वाक्य ठरवतं. ते वाक्य आजच्या रूपाला यायला बारा वर्षं लागली.

सुरुवात मार्च 1995 ची. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी (आयर्लंडचं डब्लिन नव्हे, हा घोळ अजून होतो) ओसीएलसी (ग्रंथालयांची सहकारी संस्था) आणि एनसीएसए (महासंगणकांचं संशोधन केंद्र) यांनी कार्यशाळा भरवली. ग्रंथपाल, संगणकवाले, मजकुराच्या खुणांकनातले (मार्कअप) जाणकार असे 52 जण जमले. इंटरनेटवरची कागदपत्रं सापडावीत म्हणून प्रत्येकाची निदान कोणती माहिती नोंदवायची, एवढाच प्रश्न होता. तेरा घटक ठरले. त्यात ‘ऑथर’ होता, आणि लेखक नसलेल्या पण हातभार लावलेल्या मंडळींसाठी ‘अदर एजंट’ होता.

जमलेल्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः मजकूर होता, त्यामुळे ‘लेखक’ हा शब्द कुणाला खटकला नाही. पुढच्याच वर्षी चित्रं आणि छायाचित्रं सांभाळणाऱ्यांबरोबर बैठक झाली, तेव्हा तो खटकला. छायाचित्राला लेखक कुठला? ‘ऑथर’चा ‘क्रिएटर’ (कर्ता) झाला, ‘अदर एजंट’चा ‘काँट्रिब्यूटर’ झाला, वर्णन आणि हक्क हे दोन घटक वाढले आणि संख्या पंधरावर स्थिरावली.

नाव बदलणं त्यामानानं सोपं होतं. 1998 च्या आरएफसी 2413 या इंटरनेटविषयक दस्तऐवजात ‘क्रिएटर’ म्हणजे बौद्धिक आशय निर्माण करण्याची मुख्य जबाबदारी असलेली व्यक्ती किंवा संस्था, आणि पुढे उदाहरणं: लेखक, चित्रकार, छायाचित्रकार. डब्लिन कोअरच्या 1999 च्या 1.1 आवृत्तीत ‘बौद्धिक’ गळलं, उदाहरणं व्याख्येतून उचलून वेगळ्या ‘टिप्पणी’त गेली. 2007 पर्यंत ‘आशय’ही गेला; उरलं ते ‘संसाधन (म्हणजे जिची नोंद करायची ती वस्तू) घडवण्यास मुख्यतः जबाबदार असलेलं कुणीही’. दगडाचा नमुना नोंदवायचा, तर त्यात कसला आलाय आशय! नवा धंदा दारात आला की व्याख्येतला एखादा शब्द बाहेर पडायचा, असंच हे दिसतं.

व्याख्या आणि टिप्पणी वेगळी करण्यामागे माहितीच्या घटकांच्या व्याख्या कशा लिहाव्यात हे सांगणाऱ्या आयएसओ/आयईसी 11179 या मानकाचा हात आहे. व्याख्या एकवचनात हवी, संकल्पना काय आहे ते सांगावं (नुसतं काय नाही ते नव्हे), एका व्याख्येच्या पोटात दुसरी कोंबू नये, दोन व्याख्यांनी एकमेकींकडे बोट दाखवू नये, असे त्याचे नियम. वाचायला बाळबोध वाटतात. पण आपल्याकडची कुठलीही कार्यालयीन शब्दसूची उघडा: ‘नोंदणी म्हणजे नोंदवण्याची क्रिया’ लगेच सापडेल.

2000 साली उपभेद आले. ‘डेट’च्या आत निर्मितीची, प्रकाशनाची, बदलाची तारीख वेगळी सांगता येऊ लागली. त्याबरोबर ‘डंब-डाऊन’ नावाचा नियमही आला: उपभेद पुसून टाकला तरी मूळ घटकाखाली नोंद खरीच राहिली पाहिजे. असे शब्द बाहेरच्या माणसाला कळणार नाहीत, म्हणून वापराच्या मार्गदर्शिकेबरोबर वेगळी शब्दसूची जोडावी लागली.

‘डेट’ची व्याख्याही सैल होत गेली. 1998 मध्ये ‘निर्मितीशी किंवा उपलब्धतेशी निगडित तारीख’. 1999 मध्ये ‘संसाधनाच्या जीवनक्रमातल्या घटनेची तारीख’. 2007 मध्ये तारखेच्या जागी ‘क्षण किंवा कालावधी’. पाडवा ते पाडवा आता व्याख्येत नीट बसतो.

रकान्यात मात्र बसत नाही. आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत डिजिटल संग्रहासाठी चालणाऱ्या डीस्पेस या सॉफ्टवेअरमध्ये प्रकाशनाच्या तारखेसाठी वर्ष, महिना आणि दिवस एवढेच रकाने मिळतात. गंमत म्हणजे तिथं लेखकाची नोंदही ‘क्रिएटर’खाली नसून ‘काँट्रिब्यूटर’च्या ‘ऑथर’ या उपभेदाखाली जाते. तेव्हा नोंद करणारा वर्षात 1877 टाकतो, आणि ‘शके 1799’ वर्णनात लिहून ठेवतो.