वळवणची महाशीर : संवर्धनाची पार्श्वभूमी

दख्खनची महाशीर, म्हणजे आपल्याकडची खडशी, हा नदीतला मासा आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत बरीच वर्षे ‘धोक्यात’ या वर्गात होता. २०२० पर्यंत ती सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आली, तेव्हा त्याचे बरेचसे श्रेय लोणावळ्याच्या वळवण तलावावरील मत्स्यबीज केंद्राला दिले गेले. ते श्रेय अनाठायी नाही. मात्र माशांची पैदास करणे आणि माशांचे संवर्धन करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे याच केंद्राच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

या माशाची शास्त्रीय नोंद जुनी आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असताना दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून तिचे वर्णन केले. त्यानंतर जवळजवळ शतकभर तिच्याविषयी जे लिहिले गेले ते मुख्यतः गळाने मासे धरणाऱ्या हौशी साहेबांनी. त्यांना मासा किती वजनाचा आणि किती झुंज देतो यात रस होता, तो अंडी कुठे घालतो यात फारसा नव्हता. सुरुंगाने आणि विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्याने बंदी झाली, पण डोंगरातल्या डोहावर पहारा कोण ठेवणार? प्रत्यक्षात पहारा ठेवला तो देवस्थानांनी. महाडजवळचे वाळणकोंड किंवा वाड्याजवळ वैतरणेकाठचे तिळसे येथील डोहांत मासे धरायचे नाहीत हा दंडक गावांनी पाळला, आणि म्हणून तिथे मोठे मासे आजही माणसाच्या हातून चणे-कुरमुरे खायला काठाशी येतात.

मुंबईचा संबंध आला तो विजेच्या निमित्ताने. गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरवटा आणि लोणावळा हे तलाव बांधले आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. खडशी पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढून गोट्या-वाळूच्या उथळ, वाहत्या पाण्यात अंडी घालते. धरणाची भिंत तिची ही वाट अडवते. वळवणच्या तलावात मात्र मासे टिकून राहिले आणि पावसाळ्यात तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी ते जमू लागले. कृत्रिम पैदाशीच्या पुढच्या सगळ्या प्रयोगांना हाच प्रजननक्षम साठा उपयोगी पडला.

ते प्रयोग उभे करणारे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक. तरुणपणी, १९४० साली, त्यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातला एक जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, जवळपास पारदर्शक मासा जगापुढे आणला होता आणि त्याला डॉ. होरा व डॉ. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांची नावे दिली होती. इतक्या बारीक जिवाच्या प्रजननाचा बारकाईने अभ्यास केलेला माणूस पुढे हातभर लांबीच्या खडशीकडे वळला, हे मला त्यांच्या कामाच्या पद्धतीशी सुसंगत वाटते. खडशीच्या अंड्यांवरचा त्यांचा निबंध १९७१ च्या सुमारास मुंबईच्याच निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आला.

पद्धत दिसायला साधी आहे. पिकलेल्या मादीच्या पोटावरून हलका दाब देत अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे आणि मग पाणी घालायचे. रोहू-कटल्याच्या मानाने ही अंडी मोठी, पिवळसर सोनेरी आणि जड असल्याने तळाशी बसतात. म्हणून ती उथळ ट्रेमध्ये वाहत्या पाण्याखाली पसरून ठेवावी लागतात. साधारण तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात, पण बलकाची पिशवी जड असल्यामुळे बरेच दिवस कोपऱ्यात तोंड खुपसून पडून राहतात. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी याहून उपयोगी गोष्ट दाखवून दिली: फलित अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवता येतात. पाण्याने भरलेल्या पिशव्यांचे ओझे टळले आणि लोणावळ्याचे बीज दूरदूरच्या राज्यांत जाऊ लागले.

गोंधळ इथूनच सुरू झाला. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी माशांच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीच्या अर्काने रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांचे प्रजनन घडवल्यापासून, बीज तयार करा आणि जलाशयात सोडा, ही देशभरातल्या मत्स्य खात्यांची रीत झाली होती. गंगेकडचे रोहू-कटले दक्षिणेच्या धरणांत सोडताना कोणी फारसा विचार केला नाही. महाशीर तर संकटात सापडलेला मासा, मग ती सोडण्यास हरकत कोण घेणार? १९७०-८० च्या दशकांत लोणावळ्याची निळसर परांची खडशी कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःची, पाठीवर कुबड असलेली, पन्नास किलोपर्यंत वाढणारी महाशीर होती. गळवाल्यांच्या तळांवरच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या परांची पाहुणी वाढत गेलेली आणि कुबडाची मूळ रहिवासी झपाट्याने घटत गेलेली आढळली.

त्याहून विचित्र बाब अशी की या कुबडी माशाची ओळखच तोवर पक्की झालेली नव्हती. केरळात कावेरीची उपनदी पांबार हिच्यातून २००७ साली वर्णिलेली टॉर रेमादेवी ही प्रजाती आणि गळवाल्यांची ही प्रसिद्ध महाशीर एकच आहेत, हे २०१८ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी तिची नोंद लाल यादीत ‘अतिधोक्यात’ या वर्गात झाली. तिच्या घटीला वाळूउपसा, धरणे आणि सुरुंगही कारणीभूत आहेत, त्यामुळे सगळा दोष लोणावळ्याच्या बीजावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही वळवणचे बीज कृष्णा-भीमेच्या खोऱ्याबाहेर नेताना ज्या नदीत ते सोडायचे तिथला मूळ मासा कोणता, हे आधी ठरवायला हवे होते, आणि ते ठरवण्याचे शास्त्र पैदाशीच्या शास्त्रापेक्षा सुमारे चाळीस वर्षे मागे राहिले.