स्मरण : मेंदूतील घडण व प्रत्यावाहन (खानदेशातील मौखिक परंपरेच्या संदर्भासह)

अनुभवलेली, ऐकलेली किंवा शिकलेली गोष्ट मेंदूत टिकून राहणे आणि प्रसंग पडेल तेव्हा ती पुन्हा जाणिवेत वा कृतीत उतरणे, या दोहोंना मिळून स्मरण म्हणतात. ग्रहण, धारणा, प्रत्यावाहन व प्रत्यभिज्ञा असे त्याचे टप्पे मानसशास्त्रात पाडले जातात. गोष्ट आपली आपण आठवणे हे प्रत्यावाहन. समोर आल्यावर ‘हीच ती’ अशी ओळख पटणे ही प्रत्यभिज्ञा. अहिराणीत ‘ध्यानमा ठेव’ हे सांगणे ग्रहणाचे आहे, तर ‘याद’ हा शब्द आठवण्याच्या बाजूचा. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे स्थूलमानाने खानदेशात, ओव्या, कानबाई या लोकदेवतेची व गुलाबाईची (भुलाबाईची) गाणी, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी आणि वहीगायन हा लोकगीतप्रकार असे मोठे वाङ्मय कागदाच्या आधाराशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. प्रयोगशाळेत स्मरणाविषयी जे दिसून आले ते या परंपरेच्या शेजारी ठेवले की दोन्ही अधिक स्पष्ट होतात, म्हणून या नोंदीत उदाहरणे तिथली घेतली आहेत.

स्मरणाचे प्रायोगिक मोजमाप हेर्मान एबिंगहाउस यांच्यापासून (१८८५) सुरू झाले, असे सर्वसाधारणपणे मानतात. निरर्थक अक्षरगट पाठ करून आपण ते किती वेगाने विसरतो, हे त्यांनी स्वतःवरच तपासले. पाठ केलेल्यातला बराच भाग पहिल्या काही तासांतच गळतो आणि पुढची गळती मंदावते, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, हेही त्यांनी नोंदवले. मात्र निरर्थक अक्षरे निवडल्याने चाल, यमक, अर्थ आणि ओळखीचा प्रसंग हे स्मरणाचे सगळे आधार प्रयोगाबाहेर राहिले. मौखिक परंपरा उभी असते ती नेमकी याच आधारांवर.

आठवण मेंदूत कोठे असते, हा वाद जुना आहे. अनुभवाने मेंदूत उमटणाऱ्या ठशाला रिखार्ड सेमोन यांनी १९०४ मध्ये ‘एन्ग्राम’ असे नाव दिले. कार्ल लॅश्ली यांनी उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकाचे (बाहेरच्या थराचे) निरनिराळे भाग काढून तो ठसा शोधण्यात अनेक वर्षे घालवली आणि १९५० मध्ये, तो एका जागी सापडत नाही, असे लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी डोनाल्ड हेब यांनी वेगळी दिशा दाखवली होती : एक चेतापेशी दुसरीला वारंवार उत्तेजित करत राहिली, तर त्या दोघींमधला संबंध बळावतो. त्यामुळे आठवण ही एखाद्या पेशीत ठेवलेली वस्तू राहत नाही. अनेक पेशींमधल्या बळावलेल्या संबंधांची ती वीण ठरते. टिमोथी ब्लिस व टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये भूल दिलेल्या सशांच्या हिपोकॅम्पसमध्ये (आठवणी घडण्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या आतल्या भागात) असे बळावणे तासन्‌तास टिकताना दाखवले. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीच्या साध्या चेतासंस्थेत हीच प्रक्रिया रेणूंच्या पातळीवर उलगडली (नोबेल पारितोषिक, २०००).

ही यंत्रणा थोडक्यात अशी. चेतासंधीवर, म्हणजे दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात तिथे, ग्लुटामेट हे रसायन सुटते. पलीकडची पेशी त्याच वेळी पुरेशी उत्तेजित असेल, तरच एनएमडीए नावाचे ग्राही (रसायन टिपणारी प्रथिने) उघडतात व कॅल्शियम आत शिरते. दोन गोष्टी एकदम घडल्या, हे पेशीला या जोडअटीमुळे ‘कळते’. कॅल्शियममुळे त्या संधीवर ग्लुटामेट टिपणारे आणखी ग्राही येऊन बसतात आणि संधीचा प्रतिसाद वाढतो. हा बदल काही तासांपलीकडे टिकायचा, तर पेशीला नवी प्रथिने बनवावी लागतात. प्रथिननिर्मिती औषधाने रोखली, तर प्राण्यांना शिकलेले तेवढ्यापुरते येते, दुसऱ्या दिवशी येत नाही. तात्पुरत्या धारणेची क्षमता फार थोडी आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सुमारे सात घटकांची सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली, आणि आता कल याच आकड्याकडे आहे.

स्मरण एकाच जातीचे नसते, हे एका रुग्णामुळे सिद्ध झाले. हेन्री मोलेसन यांच्या अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नवी घटना काही मिनिटांपलीकडे लक्षात ठेवता येईना. तरीही आरशात पाहून तारका गिरवण्याचे काम ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना दिले, तेव्हा दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला. हे काम आपण आदल्या दिवशी केले होते, हे मात्र त्यांना रोज नव्याने सांगावे लागे. घटनांचे स्मरण हिपोकॅम्पसवर आणि हाताचे स्मरण मुख्यतः तळगंडिका व अनुमस्तिष्क या हालचालींशी निगडित भागांवर अवलंबून असते, हा भेद त्यातून व नंतरच्या अभ्यासांतून स्थिर झाला.

हाताच्या स्मरणाचे खानदेशातले उदाहरण म्हणजे खापरावरची पुरणपोळी. सैल कणकेत पुरण भरलेला उंडा थोडा लाटून पोळी दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंवर घेतात. हात एकमेकांखालून फिरत राहतात, पोळी कोपराकडे पसरत जाते, पातळ होते, आणि फाटायच्या बेतात असतानाच चुलीवरच्या पालथ्या खापरावर पडते. किती वेळा फिरवायची, पीठ किती सैल हवे, असे करणारीला विचारले, तर ती सांगू शकत नाही. ‘हाताला कळतं’ एवढेच म्हणते. शास्त्रीय दृष्टीनेही हे उत्तर अचूक आहे. हे ज्ञान शब्दांच्या वाटेने आत गेलेले नसल्याने शब्दांच्या वाटेने बाहेर येत नाही.

हिपोकॅम्पसची गरज आठवणीला किती काळ लागते, हा आज या विषयातला सर्वांत मोठा मतभेद आहे. तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच निरीक्षण मांडले होते की, मेंदूच्या आजारात अलीकडचे आधी जाते आणि जुने मागाहून. यावरून बांधलेल्या प्रचलित मतानुसार (लॅरी स्क्वायर व इतर) हिपोकॅम्पस हा तात्पुरता सांभाळणारा आहे. काही आठवडे ते काही वर्षे या काळात आठवण बाह्यकात पक्की होते आणि मग हिपोकॅम्पस गेला तरी चालते. लिन नेडेल व मॉरिस मॉस्कोविच यांनी १९९७ मध्ये याला हरकत घेतली. गोष्टीचा सारांश, शब्द, चाल यांना पुढे हिपोकॅम्पस लागत नाही हे खरे. पण प्रसंग तपशिलासह पुन्हा डोळ्यांपुढे उभा करायचा, तर तो कितीही जुना असो, हिपोकॅम्पस लागतोच, असे त्यांचे म्हणणे. मोलेसन यांच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठवणी शाबूत आहेत असे आधी समजत. नंतर बारकाईने विचारले असता, त्या आठवणीही बहुतांशी सारांशरूपच आहेत असे आढळले (२००५). सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांत दाखवले की, बाह्यकातला ठसा पहिल्याच दिवशी उमटतो, पण मुका असतो, म्हणजे एरवीच्या खुणेने जागा होत नाही, आणि काही दिवसांनी परिपक्व होतो. हिपोकॅम्पसमधला ठसा दरम्यान मुका होत जातो. हा पुरावा दोन्ही मते आपापल्या बाजूने लावतात.

या नोंदीत नेडेल-मॉस्कोविच यांच्या मताला झुकते माप दिले आहे. घराघरांत दिसणारी गोष्ट त्याच्याशी अधिक जुळते. सकाळी भाकरी खाल्ली की नाही हे न आठवणारी आजी कानबाईचे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणते, हे पाहून ‘जुनं सगळं आठवतं’ असे घरचे म्हणतात. पण ते गाणे कोणत्या वर्षी, कोणाच्या अंगणात, कोणाकडून शिकलीस, असे विचारले की ‘माय म्हणे’ याच्या पुढे ती जात नाही. शिल्लक असते ते गाणे; ते शिकल्याचा प्रसंग गेलेला असतो.

प्रत्यावाहन हे खुणेवर चालते. एंडेल टल्विंग व डोनाल्ड टॉमसन यांनी १९७३ मध्ये मांडलेले तत्त्व असे की, ग्रहणाच्या वेळी जे सोबत होते तेच आठवताना सर्वांत चांगली खूण ठरते. पाणबुड्यांनी पाण्यात पाठ केलेले शब्द त्यांना पाण्यातच अधिक आठवले, हा गॉडन व बॅडली यांचा १९७५ चा प्रयोग पाठ्यपुस्तकांत नेहमी येतो. अलीकडे तो जसाच्या तसा पुन्हा करताना हा परिणाम दिसला नाही, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. तत्त्व मात्र जात्यापाशी सहज दिसते. ओव्या उतरवून घेणारा माणूस वही घेऊन बसतो आणि म्हातारीला ‘सांगा’ म्हणतो. ती दोन ओव्या सांगते, तिसरीला अडते, हसते, ‘इसरी गऊ’ (विसरून गेले) म्हणते. मग नकळत तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागतो, मूठ खुंट्याला धरल्यासारखी आवळली जाते, आणि अडलेली ओवी चालीसकट येते. लिहिणाऱ्याची अडचण इथून सुरू होते, कारण आता ती थांबत नाही. मधेच थांबवले तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागते.

असे होण्याचे कारण ओवीच्या बांधणीत आहे. चाल, यमक, अर्थ आणि चित्र ही बंधने एकत्र आली, की पुढच्या जागी बसू शकणारे शब्द फार थोडे उरतात, असे डेव्हिड रुबिन यांनी मौखिक परंपरांच्या अभ्यासात (१९९५) दाखवले. स्मरणावरचा भार ही बंधने उचलतात. ‘पहिली माझी ओवी’, ‘दुसरी माझी ओवी’ ही सुरुवात केवळ शोभेची नाही. आकडा ही खुंटी आहे. तिच्यावर कधी देव, कधी भाऊ, कधी माहेरची वाट अडकवली जाते. गुलाबाईच्या कित्येक गाण्यांत आधीच्या ओळीतला शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या तोंडी येतो, म्हणजे प्रत्येक ओळ पुढच्या ओळीची खूण असते. ‘सांगते बाई तुला’ यासारखे ठरीव तुकडे पुढचे जुळेपर्यंत वेळ देतात.

याच प्रदेशात स्मरणासाठी रचना करण्याचे शास्त्रीय रूपही आढळते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा आणि त्याला मिळालेल्या दानाचा उल्लेख आहे. लेखात शके ११२८ असा काळ दिला असून तो इ. स. १२०७ च्या सुमाराचा धरतात. डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे विज्जडविड हे गाव म्हणजे पाटण्याचाच परिसर, असे मत या लेखाच्या आधारे मांडले जाते. दुसरे मत ते विजापूरकडे नेते. लेखावरून भास्करांच्या विद्येचे वंशजांकरवी इथे अध्यापन झाले एवढे निश्चित ठरते, जन्मस्थान ठरत नाही. खानदेशाचा दावा तरीही दुर्लक्षण्याजोगा नाही. स्मरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती भूतसंख्यांची पद्धत. आपला जन्मशक भास्कराचार्य ‘रसगुणपूर्णमही’ असा देतात : रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी एक, उलट क्रमाने वाचले की शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. कोरडा आकडा इथे चित्रात आणि वृत्तात बसवला आहे. आकडा चुकला तर बहुधा वृत्त मोडते आणि चूक तिथेच कळते.

जुन्या शाळांतले पावकी, निमकी, दीडकी, औटकी हे पाढेही सुरावर चालत. त्यांचा एक दोष असा की, मधलीच पायरी विचारली, तर मूल पहिल्यापासून म्हणत येते, कारण प्रत्येक पायरीची खूण आदली पायरी असते. त्यावर उपाय म्हणून गुरुजी उलटसुलट विचारत. रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगांनी याला पाठबळ दिले : पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलेले आठवड्यानंतर अधिक शिल्लक राहते. उजळणी झोपेतही होते : जागेपणी एकत्र उत्तेजित झालेल्या हिपोकॅम्पसच्या पेशी त्यानंतरच्या झोपेतही एकत्र उत्तेजित होतात, हे विल्सन व मॅकनॉटन यांना १९९४ मध्ये उंदरांत दिसले.

आठवण काढली की ती काही काळ पुन्हा मऊ होते आणि नव्याने घट्ट व्हावी लागते, हे करीम नादेर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरांच्या भीतीच्या आठवणींवर दाखवले. त्या अवधीत तिच्यात बदल शिरू शकतो. माणसे ऐकलेली कथा पुन्हा सांगताना अनोळखी तपशील गाळतात आणि आपल्या ओळखीचे घालतात, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच नोंदवले होते. त्यामुळे मौखिक गाण्याचा ‘मूळ पाठ’ शोधण्याचा हट्ट फारसा फलदायी नसतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कामे करता करता त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी कागदावर उतरवली आणि ती त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ही गाणी उतरली नसती तर एका बाईबरोबर संपली असती, म्हणून त्या वहीचे मोल मोठे आहे. पण वहीतला पाठ हा त्या गाण्याचा त्या दिवशीचा पाठ आहे, हे अभ्यासकाने लक्षात ठेवावे.

स्मरणाच्या विकारांपैकी अल्झायमरच्या आजारात हिपोकॅम्पस व त्याच्या शेजारचा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे नवे टिकत नाही. ओळखीची गाणी पुष्कळदा उशिरापर्यंत राहतात. ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉइडची कमतरता यांमुळे आलेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते, म्हणून ते वयावर ढकलण्याआधी तपासून घेणे आवश्यक असते.

स्मरणाला समाजाची चौकट लागते, हा समाजशास्त्रज्ञ मोरीस हाल्बवाक्स यांचा सिद्धांत (१९२५) मेंदूविज्ञानाच्या कक्षेत अजून पुरता आलेला नाही. घरोघरची जाती गेली आणि त्यांच्याबरोबर ओव्यांची खूणही गेली. कानबाई मात्र नागपंचमीनंतरच्या रविवारी अजून बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होईपर्यंत बाया एकत्र गातात. पूर्ण गाणे त्यांतल्या एकीलाही येत असतेच असे नाही. एकीला ओळ अडली की तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ती उचलते, आणि गाणे पुढे जाते.