म्युनिकने लिनक्स सोडलं, ते चालत नव्हतं म्हणून?

ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघू-बदलू शकतं अशा सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, अरे जर्मनीत म्युनिक महापालिकेने लिनक्स (विंडोजसारखीच, पण ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम) लावून बघितलं, फसलं, परत विंडोजवर आले. अर्धीच गोष्ट आहे ही, आणि नेमकी तीच वर्षानुवर्षं फिरतेय.

२००३ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने ठरवलं की एकाच कंपनीच्या लायसन्सवर आणि तिने सपोर्ट कधी बंद करायचा यावर शहराचा कारभार अवलंबून नको. त्यातून लिमक्स, म्हणजे शहराने स्वतःसाठी बनवून घेतलेलं लिनक्स, आलं आणि २०१३ पर्यंत जवळजवळ १५,००० कॉम्प्युटर त्यावर गेलेसुद्धा. मग २०१७ ला परत विंडोजवर जायचा ठराव झाला, हे खरंय. पण त्याआधी शहरानेच एका सल्लागार कंपनीकडून तपासणी करून घेतली होती, तिच्या अहवालात मुख्य अडचण लिनक्सची नव्हती, आयटीचा कारभार वेगवेगळ्या विभागांत विखुरलेला होता आणि जबाबदाऱ्या नीट वाटलेल्या नव्हत्या, ही होती. अशा ठिकाणी कुठलंही सॉफ्टवेअर टाका, लोक वैतागणारच ना! मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच कोणी सांगत नाही.

पुढे २०२० मध्ये निवडणुकीनंतर आलेल्या नव्या आघाडीने शक्य तिथे ओपन सोर्सच वापरायचं असं करारात लिहिलं. आणि २०२४ मध्ये जर्मनीतल्याच श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने सुमारे ३०,००० सरकारी कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर न्यायचं जाहीर केलं, कारण तेच सांगितलं, डिजिटल स्वातंत्र्य.