आधी दारू सोडा, मग मीटिंगला या?

‘अजून सुटली नाही, कुठल्या तोंडाने जाऊ?’ अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगचं नाव काढलं की हे हमखास ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात सुरू झालेल्या या संघटनेची सभासदत्वासाठी अट एकच: दारू थांबवण्याची इच्छा. सुटलेली असायलाच हवी, असं कुठंही म्हटलेलं नाही. काल प्यायलेला माणूसही आज येऊन मागच्या बाकावर बसू शकतो. बाक म्हणतोय, कारण आपल्याकडे बरेच गट संध्याकाळी शाळेच्या वर्गात भरतात. फळ्यावर मुलांची गणितं तशीच असतात. बोलायलाच हवं असं नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. नाव सांगायचं तर पहिलं पुरेसं. फी नाही, वर्गणीचा डबा फिरतो, तीही ऐच्छिक.

एक मात्र आधी विचारून घ्या. ‘खुल्या’ मीटिंगला कोणीही जाऊ शकतं, ‘बंद’ मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांची. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, तेव्हा मीटिंगसोबत डॉक्टरही हवा.