बेक्ड व्हेजिटेबल: गुठळ्या आणि पाणी टाळण्यासाठी

आमच्याकडून चीज, लोणी नेणारे ग्राहक सर्वांत जास्त विचारतात ते हेच, की भाजी बेक केल्यावर भांड्याच्या तळाशी पाणी का सुटते. ते पाणी भाजीतले असते.

सहा जणांसाठी ६०० ग्रॅम भाजी घ्या: फ्लॉवर, घेवडा, मटार, बटाटा आणि गाजर. महाबळेश्वर-पाचगणीची कोवळी गाजरे मिळाली तर तीच घ्या, गोडी छान उतरते. बटाटा वेगळा उकडा. बाकीच्या भाज्या मिठाच्या उकळत्या पाण्यात ३ ते ४ मिनिटेच ठेवा, चाळणीत उपसा आणि मग स्वच्छ पंचावर पसरून १५ मिनिटे कोरड्या होऊ द्या. ही पायरी गाळू नका. दुधी, टोमॅटो नकोच.

सॉससाठी ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा (सपाट ५ मोठे चमचे), अर्धा लिटर दूध. मंद आचेवर लोण्यात मैदा २ मिनिटे परता. कच्चा वास जावा, पण रंग बदलू नये. आता गॅस बंद करून गार दूध थोडे थोडे घाला आणि प्रत्येक वेळी रवीने किंवा व्हिस्कने फेटा. गरम मैद्यावर गरम दूध एकदम ओतले की मैद्याचे बाहेरचे थर लगेच शिजतात, आत कोरडे पीठ अडकते, त्याच गुठळ्या. गुठळ्या झाल्याच तर सॉस गाळून घ्या. पुन्हा गॅसवर ठेवून उकळी येईपर्यंत ढवळा. डावाच्या पाठीवर बोट ओढल्यावर रेघ राहिली, की झाले. म्हशीचे दूध असेल तर वेगळी साय घालू नका, कडेला तूप सुटते. घरचे लोणी आंबट असेल तर दूध फाटू शकते. ते धुऊन, ताक निथळून घ्या.

गॅस बंद केल्यावर ६० ग्रॅम प्रोसेस्ड चीज, मिरपूड आणि पुरणाला घालतो ते जायफळ चिमूटभर. मीठ शेवटी, चाखून, कारण चीज खारट असते. मोझरेला सॉसमध्ये घालू नका, तारा सुटतात. भाज्या सॉसमध्ये मिसळून बेकिंगच्या भांड्यात भरा आणि ४० ग्रॅम मोझरेला वरून पसरा.

ओव्हन १० मिनिटे आधी तापवून २०० अंशांवर, मधल्या खणात २० ते २५ मिनिटे. काढल्यावर १० मिनिटे थांबून मगच वाढा, म्हणजे सॉस धरून राहतो. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून त्यावर स्टँड, झाकण ठेवून ३० मिनिटे. वर लाली येणार नाही, चव मात्र तीच.