सलामीचा एक सामना नेमके किती सांगतो?

३० ऑगस्ट २०२५ रोजी टॅलाहासीमध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने अलाबामा विद्यापीठाच्या संघाला ३१-१७ असे हरवले. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या मोसमाचा तो पहिलाच आठवडा होता. अलाबामा क्रमवारीत आठवी होती आणि सट्टाबाजाराच्या हिशेबाने सुमारे १३.५ गुणांनी जिंकणार होती. फ्लोरिडा स्टेटने आदल्या वर्षी १२ पैकी फक्त २ सामने जिंकले होते. एका निकालाने एका गावात स्वप्ने पेरली, तर दुसऱ्या गावात प्रशिक्षकाला हाकला अशी ओरड सुरू झाली. मोसमाअखेर काय झाले? फ्लोरिडा स्टेट ५-७. अलाबामा नियमित मोसमात १०-२, आणि थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत.

सट्टाबाजाराचा 'स्प्रेड' म्हणजे दोन संघांतल्या गुणफरकाचा अंदाज. तो सरासरीने बराच बरोबर ठरतो, एकेका सामन्यात मात्र चांगलाच हुकतो. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये या चुकीचे प्रमाण विचलन (अंदाज साधारण किती गुणांनी हुकतो याचे माप) १४ गुणांच्या आसपास असते. कॉलेजमध्ये ते साधारण १६ धरतात. त्यावरून जिंकण्याची शक्यता काढणे सोपे आहे. स्प्रेडला १६ ने भागायचे आणि उत्तर सामान्य वितरणाच्या कोष्टकात पाहायचे. १३.५ भागिले १६ म्हणजे ०.८४, म्हणजे ८० टक्के. अलाबामा हरण्याची शक्यता आधीच पाचात एक होती.

चाहत्यांचे गणित चुकते ते इथेच. वेळापत्रक समोर ठेवून ते एकेका सामन्यापुढे 'जिंकू' लिहीत जातात. समजा संघ बाराही सामन्यांत ७५ टक्के शक्यतेने वरचढ आहे. प्रत्येक 'जिंकू' स्वतंत्रपणे बरोबरच आहे, पण सगळे जिंकण्याची शक्यता ०.७५ चा बारावा घात, म्हणजे जेमतेम ३ टक्के. अपेक्षा ९ विजयांची ठेवावी, आणि त्यातही दीड-दोन सामने इकडेतिकडे होणार हे धरून चालावे.

आता सलामीचा निकाल लागला की अंदाज किती हलवायचा? अलाबामा १३.५ ने जिंकायची ती १४ ने हरली, धक्का २७.५ गुणांचा. यातला काही भाग फ्लोरिडा स्टेट वाटली त्याहून चांगली म्हणून, काही अलाबामा वाटली त्याहून कच्ची म्हणून, आणि उरलेला त्या दिवसाचा. समजा प्रत्येक संघाच्या मोसमपूर्व मूल्यमापनात ७ गुणांची अनिश्चितता आहे. वर्ग करून भागायचे: ७ चा वर्ग ४९ भागिले १६ चा वर्ग २५६, साधारण १९ टक्के. म्हणजे फ्लोरिडा स्टेटला ५ गुण वर न्या, अलाबामाला ५ खाली आणा. उरलेले १७ गुण? सोडून द्या. तोच सामना त्याच मैदानावर पुन्हा खेळवला, तर या हिशेबाने अलाबामाच ३ गुणांनी वरचढ ठरते! चाहत्यांच्या हे पचनी पडत नाही, पण गणित हेच सांगते.

मात्र ७ हा आकडा प्रत्येक संघाला सारखा लावणे चूक आहे. फ्लोरिडा स्टेटचेच आदले वर्ष पाहा. २०२३ मध्ये बाउल गेमपूर्वी (मोसमाअखेरच्या खास सामन्यापूर्वी) १३-०. मग १० खेळाडू एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडले गेले. नवा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, दुसऱ्या विद्यापीठातून आणला. तरीही २०२४ च्या मोसमपूर्व क्रमवारीत संघ दहावा होता. डब्लिनला झालेल्या सलामीत जॉर्जिया टेकने शेवटच्या क्षणी ४४ यार्डांचा फील्ड गोल (लाथेने मारलेला तीन गुणांचा गोल) मारून त्यांना २४-२१ हरवले. पुढे काय झाले ते वर आलेच आहे. इतकी उलथापालथ झालेल्या संघाची अनिश्चितता १२ धरली, तर सलामीचे वजन १९ वरून ४१ टक्क्यांवर जाते (एकूण अनिश्चितताही वाढते, म्हणून १४४ भागिले २५६ नव्हे, ३५१). जुना क्वार्टरबॅक आणि जुनी आक्रमक फळी कायम असेल तर निकालावर फार जाऊ नये. सगळेच नवे असेल तर कान टवकारावेत. एनएफएलसारखे मोसमपूर्व प्रदर्शनी सामने कॉलेजात नसल्याने नव्या संघाची दुसऱ्या संघाशी पहिली गाठ सलामीलाच पडते.

असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेची, पत्रकारांच्या मतदानाने ठरणारी क्रमवारी यात मदत करत नाही. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकाचा टेक्सस संघ ओहायो स्टेटच्या मैदानावर १४-७ हरला. सट्टाबाजाराने ओहायो स्टेटलाच किंचित झुकते माप दिले होते, म्हणजे धक्का जवळपास नव्हताच; तरी टेक्सस पहिल्यावरून सातव्यावर घसरला. मतदार फरकापेक्षा हार-जीत बघतात.

धावफलकापेक्षा बघण्यासारखी गोष्ट म्हणजे यशाचा दर. दहा यार्ड मिळवायला चार प्रयत्न असतात. पहिल्या प्रयत्नात गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्यात उरलेल्याच्या ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्यात सगळे मिळाले, तर तो प्रयत्न, म्हणजे तो डाव, यशस्वी धरायचा. सामना एकतर्फी झाल्यानंतरचे डाव मोजू नयेत. दोन्हीकडे राखीव खेळाडू उतरलेले असतात. हातून सुटलेला चेंडू कोणाला सापडतो हे बरेचसे नशिबावर असते, आणि अशा एका चेंडूची किंमत ४-५ गुण. सामन्यात असे दोन चेंडू सुटले आणि तीन गुणांनी जिंकलेल्या संघालाच दोन्ही मिळाले असतील, तर तो सामना मनात हरलेलाच धरावा.