द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला

येशूने सांगितलेला एक दाखला, म्हणजे बोधकथा. तो बायबलमधल्या फक्त मत्तयकृत शुभवर्तमानात (२०:१–१६) आढळतो. देवाचे औदार्य आणि माणसाची न्यायबुद्धी यांचा मेळ कसा घालायचा, हा ख्रिस्ती धर्मचिंतनातला जुना वाद वारंवार याच कथेपाशी येतो.

द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन एक देनार (रोमी चांदीचे नाणे) रोजाने माणसे ठरवतो. मग नऊ, बारा, तीन आणि अगदी पाच वाजताही आणखी माणसे आणतो. संध्याकाळी कारभारी शेवटी आलेल्यांपासून मजुरी वाटतो आणि तासभर राबलेल्यांना पूर्ण देनार मिळतो. दिवसभर उन्हात खपलेल्यांची आशा वाढते, पण त्यांच्याही हातावर तेवढेच नाणे पडते.

कथेची कळ वाटपाच्या या उलट्या क्रमात आहे. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे देऊन वाटेला लावले असते, तर कुरकूर झालीच नसती. ठरलेला रोज त्यांना मिळाला आहे. त्यांचे गाऱ्हाणे आहे ते इतरांना आपल्या बरोबरीला बसवल्याचे. धन्याच्या उत्तरातील ग्रीक शब्द ‘तुझा डोळा वाईट आहे काय?’ असे आहेत. मराठीत आपण दुसऱ्याचे भले डोळ्यांत सलते म्हणतो, तेच हे. ‘मित्रा’ ही त्याची हाकही दिसते तितकी गोड नाही. हे संबोधन मत्तयात तीनदाच येते. त्यांतले एक येशूच्या अटकेच्या रात्री, त्याला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योत या शिष्यासाठी आहे.

दाखल्याला निमित्त झाले ते पेत्र या शिष्याचे. ‘आम्ही सर्व सोडून आलो, आम्हाला काय मिळणार?’ असे त्याने मागच्याच अध्यायात विचारलेले असते.

यरुशलेमी तल्मूद या यहुदी धर्मग्रंथात अशीच एक कथा आहे. तिथे दोन तास काम केलेल्याला पूर्ण मजुरी मिळते, कारण इतरांना दिवसभरात जमले नाही ते त्याने दोन तासांत केले. म्हणजे तिथे कर्तबगारीचा हिशेब शाबूत राहतो. मत्तयाच्या कथेत उशिरा आलेल्यांच्या कामाबद्दल चकार शब्द नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती धर्मचिंतकांपैकी ओरिजेनने या प्रहरांत मानवी इतिहासाची युगे आणि माणसाच्या वयाचे टप्पे पाहिले. ऑगस्टीनने देनार म्हणजे सार्वकालिक जीवन मानले. ते कोणाला कमी, कोणाला जास्त असे मिळू शकत नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारकांना इथे कर्मावाचून मिळणारी कृपा दिसली. उलट कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये कृपेचे प्रथमत्व मान्य करूनही सत्कर्माच्या पुण्याला जागा ठेवली. १८६० मध्ये इंग्रज लेखक जॉन रस्किनने आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांना याच दाखल्यातले शब्द शीर्षक म्हणून दिले. गांधीजींनी त्या निबंधांचे १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ नावाने गुजराती रूपांतर केले. असा रोज वाटला तर दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर कोण येईल, ही व्यवहारी शंका रास्तच आहे. दाखला मात्र त्या दुसऱ्या दिवसापर्यंत जातच नाही.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पुनरुत्थानाच्या सणाला प्राचीन धर्मगुरू योहान क्रिसोस्तोमच्या नावावरचे एक प्रवचन वाचतात. त्यात पहिल्या तासाला आलेल्यांबरोबर अकराव्या तासाला (म्हणजे दाखल्यातल्या पाच वाजता) आलेल्यांनाही, आणि उपवास केलेल्यांबरोबर न केलेल्यांनाही, एकाच मेजवानीला बोलावले आहे.